व्हॅम्पायर उन्हात जळतो, हे ठरवलं कोणी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कादंबरीतला व्हॅम्पायर वाईतला एक जुना वाडा विकत घेतो. खरेदीखताच्या नोंदणीसाठी त्याला दिवसाढवळ्या दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात हजर राहावं लागतं. तुमच्या पहिल्या वाचकांपैकी एकाने त्यावर ‘व्हॅम्पायर उन्हात राख होतो, हा प्रसंगच चुकीचा’ असा शेरा मारलाय. शिवाय तीन उपप्रश्न: ढगाळ दिवशी काय, काचेतून आलेल्या उन्हाचं काय, आणि चांदणं म्हणजे परावर्तित ऊनच असेल तर त्याचं काय.

प्रसंग काढू नका. मी बरीच वर्षं भयकथा लिहितोय आणि त्याहून जास्त दुसऱ्यांच्या तपासतोय. हा शेरा दर दिवाळी अंकाच्या सुमारास कुठल्या ना कुठल्या हस्तलिखितावर दिसतोच. ऊन लागताच राख होणं हा व्हॅम्पायरला सिनेमाने चिकटवलेला गुण आहे, तोही स्वतःच्या सोयीसाठी. तुमची सोय वेगळी असेल तर नियमही वेगळा करता येतो. मात्र तो कुठून आला आणि इतका का टिकला, हे आधी माहीत हवं.

युरोपात व्हॅम्पायरची चर्चा पेटली ती अठराव्या शतकात, सर्बियातल्या गावांतून आलेल्या ऑस्ट्रियन अधिकाऱ्यांच्या अहवालांमुळे. १७२५ मध्ये किसिलोवा गावचा पेटर ब्लागोयेविच आणि १७३२ मध्ये योहान फ्ल्युकिंगर या लष्करी शल्यवैद्याच्या अहवालातला अर्नोल्ड पाओले, ही त्यातली गाजलेली प्रकरणं. थडगी उघडली तर प्रेतं ताजी दिसली, तोंडाशी रक्त होतं. आता उजेड पडून ती विरघळणार असती, तर पुढचा खटाटोप कशाला करावा लागला असता? तो करावा लागला. ब्लागोयेविचच्या छातीत टोकदार खुंटा ठोकून मग प्रेत जाळलं. फ्ल्युकिंगरच्या यादीतल्या प्रेतांची मुंडकी उडवली, धडं जाळली आणि राख मोरावा नदीत टाकली. उन्हाचा उपाय म्हणून कोणाला विचारही सुचलेला नाही.

त्याच्याही आधी, १६९०च्या दशकात, एका फ्रेंच नियतकालिकात पोलंड-रशियाकडच्या रक्तपिपासू प्रेतांबद्दल छापून आलं होतं, की ती दुपारी बारा ते मध्यरात्री बारा या वेळात हिंडतात. भर दुपारी! ज्यांचं बालपण गावात गेलं त्यांना यात काही नवल वाटणार नाही. ‘बाराच्या टळटळीत उन्हात चिंचेखाली थांबू नको’ हे आजीने बजावलेलं असतंच. आपल्या मुंजाला आणि हडळीला भर दुपार तिन्हीसांजेइतकीच मानवते.

एकोणिसाव्या शतकातल्या लेखकांचं लक्ष उन्हापेक्षा चांदण्याकडे होतं. जॉन पॉलिडोरीचा १८१९चा लॉर्ड रुथ्वेन लंडनच्या उच्चभ्रू समाजात राजरोस वावरतो. तो मरतो तेव्हा त्याचं प्रेत चंद्राच्या पहिल्या किरणात ठेवायची व्यवस्था त्याने आधीच करून ठेवलेली असते. १८४५ पासून स्वस्त साप्ताहिक भागांत निघालेल्या कादंबरीतल्या व्हार्नीलाही चांदणंच पुन्हा पुन्हा उठवतं. तुमच्या तिसऱ्या उपप्रश्नाचं निम्मं उत्तर इथे आलं. ज्या प्रकाशाने व्हॅम्पायर जळायला हवा असं तुमच्या वाचकाला वाटतं, त्याच्याच परावर्तनाने आधीचे व्हॅम्पायर जिवंत होत होते. शेरिडन ले फानूची कार्मिला (१८७२) दुपारी एकनंतर उठते, थोडं चाललं की दमते, पण बाहेर फिरायला येते. उशिरा उठणारी, सुस्त, नाजूक मुलगी म्हणून घरातले तिला सहज माफ करतात. मला आजही हे हाताळणं फार हुशारीचं वाटतं, कारण लक्षण डोळ्यांसमोर आहे आणि कोणालाच ते लक्षण वाटत नाही.

आता ड्रॅक्युला. ब्रॅम स्टोकरची कादंबरी १८९७ची. तुमच्या टीकाकाराला एवढंच सांगा, की २२ सप्टेंबरची नायिका मीनाची रोजनिशीतली नोंद उघडून वाच. मीना आणि तिचा नवरा जोनाथन लंडनमध्ये पिकॅडिलीवरून चाललेत. दिवस त्या ऋतूच्या मानाने गरम आहे, असं मीनाच लिहिते. आणि रस्त्याच्या कडेला उघड्या गाडीत बसलेल्या एका सुंदर मुलीकडे टक लावून काउंट ड्रॅक्युला उभा आहे. जळणं सोडा, तो आधीपेक्षा तरुण दिसतोय. पुढे लंडनच्या धक्क्यावर तो जहाजाची चौकशी करत फिरतो तेव्हा त्याच्या काळ्या कपड्यांवर गवती टोपी आहे, आणि ती त्याला शोभत नाही असं लोकांच्या लक्षात राहतं. गवती टोपी! अख्ख्या कादंबरीत ऊन टाळण्याची त्याची एवढीच तजवीज दिसते, आणि तीही बहुधा बेतापुरती.

स्टोकरचा नियम वेगळा आहे. दिवस उगवला की ड्रॅक्युलाची ताकद जाते. वटवाघूळ, लांडगा, धुकं अशी रूपं त्याला दिवसा घेता येत नाहीत. आपल्या जागी नसेल तर फक्त सूर्योदय, मध्यान्ह आणि सूर्यास्त या नेमक्या क्षणी रूप बदलता येतं. दिवसा तो ज्या रूपात सापडला त्यात अडकला. म्हणून ३ ऑक्टोबरला पिकॅडिलीच्या घरात दिवसाउजेडी त्याला घेरतात तेव्हा तो धुकं होऊन निसटू शकत नाही. जोनाथनच्या खुकरीने कोट फाटतो, नोटा आणि सोन्याची नाणी जमिनीवर पडतात, आणि काउंट एखाद्या भुरट्या चोरासारखा खिडकी फोडून पळतो.

शेवट तर आणखी मजेचा आहे. ६ नोव्हेंबर, बर्फातली झटापट, गाडीवरच्या पेटीचं झाकण उघडलेलं. सूर्य डोंगराला टेकलाय. ड्रॅक्युला डोळे उघडून त्या मावळत्या सूर्याकडे बघतो आणि त्याची नजर विजयाने चमकते, कारण आणखी काही क्षणांत त्याला सगळी ताकद परत मिळणार आहे. तेवढ्यात खुकरी त्याच्या गळ्यातून फिरते आणि पाठलाग करणाऱ्यांपैकी क्विन्सी मॉरिसचा सुरा काळजात घुसतो. तो धूळ होतो तो पात्यांनी. म्हणजे सगळ्या व्हॅम्पायरांचा बाप सूर्याकडे बघत, खूश होत मेला.

नियम बदलला तो १९२२ मध्ये, बर्लिनला. प्राना नावाच्या छोट्या कंपनीने स्टोकरच्या वारसांना न विचारता ‘नोस्फेरातु’ काढला. नावं बदलली, ड्रॅक्युलाचा ओरलोक केला, आणि शेवटही बदलला. पवित्र मनाच्या स्त्रीने त्याला कोंबडा आरवेपर्यंत गुंतवून ठेवलं तर तो संपतो, असं चित्रपटातल्या एका पोथीत वाचायला मिळतं. नायिका एलन तसं करते. कोंबडा आरवतो, मॅक्स श्रेकने रंगवलेला तो काटकुळा ओरलोक बिछान्यापासून उठतो, खिडकीसमोरून जाताना छातीला हात लावतो आणि पारदर्शक होत नाहीसा होतो. जमिनीवर थोडा धूर उरतो. ज्वाळा नाहीत, किंकाळी नाही. दिग्दर्शक मुर्नाउने त्या काळचा सगळ्यात साधा कॅमेऱ्याचा चमत्कार वापरला: दृश्य हळूहळू विरवणं. पडद्यावर जे आधीच प्रकाशाचं बनलेलं आहे ते प्रकाशातच विरलं, हे मूक चित्रपटात खुंटा ठोकण्यापेक्षा कितीतरी चांगलं दिसतं.

इथे एक गंमत सांगायलाच हवी. त्या काळच्या फिल्मवर रात्री चित्रीकरण करणं जवळपास अशक्य होतं. म्हणून रात्रीची दृश्यं भर उन्हात घेतली आणि प्रिंट निळ्या रंगात बुडवून रात्र केली. पुढे बरीच वर्षं या चित्रपटाच्या रंग न दिलेल्या काळ्या-पांढऱ्या प्रती फिरत राहिल्या. त्यांत ओरलोक स्वतःची शवपेटी काखोटीला मारून लख्ख उन्हातून शहरभर फिरतो आणि शेवटी त्याच उन्हाने मरतो. या प्रती बघून ‘पटकथेत चूक आहे’ असं म्हणणारे लोक मला भेटलेत. चूक प्रयोगशाळेतल्या निळ्या रंगाच्या अभावाची आहे.

स्टोकरच्या पत्नीने दावा लावला, ती जिंकली, १९२५ मध्ये प्रती नष्ट करायचा हुकूम झाला. काही वाचल्या. नियमही वाचला. १९३१च्या बोलपटात ड्रॅक्युला झालेल्या बेला लुगोसीला खुंटा ठोकूनच मारलं, पण १९४३ पासून हॉलिवुडने ऊन धरलं. ‘सन ऑफ ड्रॅक्युला’त काउंट अलुकार्डची शवपेटी कोणीतरी जाळून टाकतो आणि पहाट झाल्यावर त्याला परतायला जागाच उरत नाही. पुढच्या दोन वर्षांत जॉन कॅराडिनचा ड्रॅक्युला दोन चित्रपटांत उन्हानेच संपला.

मग १९५८चा ब्रिटिश हॅमर कंपनीचा ‘ड्रॅक्युला’. तुम्ही शेवट लिहायला बसाल त्याआधी तेवढा शेवट तरी बघाच. व्हॅम्पायरचा शिकारी, पीटर कुशिंगचा व्हॅन हेल्सिंग, हरत आलाय, ड्रॅक्युला झालेल्या क्रिस्टोफर लीचे हात त्याच्या गळ्यावर आहेत. तो निसटतो, पडद्यांच्या कडेने उजेडाची रेघ दिसतेय हे त्याच्या लक्षात येतं, लांबलचक टेबलावरून धावत जातो आणि पडद्यावर झेप घेऊन तो खाली ओढतो. उन्हाचा झोत ड्रॅक्युलाच्या पायावर पडतो. फक्त पायावर. पाय राख होतो. तो सावलीत सरपटायला बघतो, तर व्हॅन हेल्सिंग दोन मेणबत्तीदाण्या आडव्या-उभ्या धरून क्रूस करतो आणि त्याला परत झोतात ढकलतो. शेवटी राख, केस आणि अंगठी. चेहऱ्याची कातडी ओरबाडण्याचा तुकडा तेव्हा कापला गेला होता. तो जपानमधल्या जुन्या रिळांत सापडला आणि आता बघायला मिळतो.

या प्रसंगात ऊन कुठून येतंय, किती येतंय, कोणाच्या बाजूला सावली आहे, हे सगळं प्रेक्षकाला कळतं. मारामारी दोन माणसांची राहत नाही, खोलीतल्या उजेडाच्या पट्ट्यासाठी होते. कॅथरिन बिगेलोने १९८७च्या ‘निअर डार्क’मध्ये हेच उलटं केलं. व्हॅम्पायर मोटेलच्या खोलीत दडलेत, बाहेरून पोलीस गोळ्या झाडताहेत. गोळ्यांनी त्यांचं काही बिघडत नाही. पण प्रत्येक गोळीने भिंतीला भोक पडतं आणि त्या भोकातून उन्हाची एक काठी आत येते. हळूहळू खोलीत उभं राहायला जागा उरत नाही. मला विचाराल तर उन्हाच्या नियमाचा याहून चांगला उपयोग कोणी केलेला नाही.

तर नियम टिकला तो या कारणाने: ऊन कथेला मुदत देतं आणि नकाशा देतं. मुदतीचं महत्त्व आपल्याला शिकवायला नको. भुतांनी किंवा पांडवांनी एका रात्रीत देऊळ बांधायला घेतलं, कोंबडा आरवला, कळस राहिला, ही गोष्ट कोकणात आणि देशावर कितीतरी गावांत सांगतात. त्यात कोणी जळत नाही. काम अर्धं राहतं, एवढंच. पण ऐकणाऱ्याचा श्वास अडकतोच.

उन्हाची शास्त्रीय कारणं शोधण्याचा सोस मात्र जरा आवरा. १९८५ मध्ये डेव्हिड डॉल्फिन या जीवरसायनशास्त्रज्ञाने पॉर्फिरिया या विकाराशी व्हॅम्पायरच्या दंतकथेचा संबंध जोडला. काही प्रकारच्या पॉर्फिरियात उन्हाने त्वचेला खरंच इजा होते. वर्तमानपत्रांना तो विचार फार आवडला. पण दंतकथेतला व्हॅम्पायर उन्हाला घाबरतच नव्हता. १९२२ साली जोडलेल्या लक्षणावरून १७२५च्या रोग्याचं निदान कसं करणार? शिवाय खऱ्या रुग्णांना त्या बातम्यांचा त्रासच झाला. कथेत शास्त्र आणायचंच असेल तर रिचर्ड मॅथेसनने १९५४ मध्ये ‘आय ॲम लेजंड’ या कादंबरीत आणलं तसं आणा. त्याने जंतू कल्पिला, ऊन जंतूला मारतं असं ठरवलं, आणि नायकाला ते तपासायला लावलं. नायक झोपलेल्या एका बाईला घराबाहेर उन्हात ओढत नेतो आणि ती मरते का ते बघतो. शास्त्र आलं आणि त्याच्याबरोबर नायकाचं क्रौर्यही आलं.

तुमच्या उपप्रश्नांकडे. एकदा ‘अतिनील किरणांनी जळतो’ असं लिहिलंत की भौतिकशास्त्र तुमच्या मानगुटीवर बसतं. पातळ ढगांतून बरेचसे अतिनील किरण आरपार येतात, म्हणजे ढगाळ दिवसाची सवलत गेली. खिडकीची साधी काच अतिनील किरणांपैकी यूव्ही-बी जवळपास अडवते, यूव्ही-ए बऱ्यापैकी सोडते, म्हणजे काचेआड तो अर्धवट भाजणार. पौर्णिमेचं चांदणं उन्हाचा साधारण चार लाखावा हिस्सा असतं, म्हणजे तत्त्वतः किंचित खाज सुटायला हरकत नाही! सनस्क्रीनचा प्रश्नही लगेच येतो. ‘ब्लेड’ने १९९८ मध्ये व्हॅम्पायरला खरंच सनस्क्रीन फासून बागेत आणला, तो प्रसंग चालून गेला कारण तो माणूस तेवढा उर्मट होता. मी लेखकांना सांगतो, की कारण पात्रांनाही नक्की माहीत नसू द्या. कोणी म्हणेल शाप आहे, कोणी म्हणेल रोग. परिणाम मात्र दर वेळी तोच दाखवा.

परिणामाची तीव्रता ठरवताना त्वचेकडे बघू नका, कथानकाला काय हवंय ते बघा. क्षणात पेट घेणारा व्हॅम्पायर (स्वीडिश ‘लेट द राइट वन इन’मधली रुग्णालयात पडदा उघडताच पेटणारी बाई आठवा) एकाच प्रसंगाला पुरतो, पण तो प्रसंग वाचक विसरत नाही. हळूहळू भाजणारा पळापळीला चांगला. दिवसा फक्त गाढ झोपणारा मालकीण-नोकर-पहारेकरी अशा पात्रांना काम देतो. ताकद गमावणारा सामाजिक कथेला सर्वांत सोयीचा, कारण तो माणसांत मिसळू शकतो. आणि ‘ट्वायलाइट’मधला चमचमणारा? त्यावर हसून झालं असेल तर एक मान्य करा. तिथे ऊन मारत नाही, ओळख उघडी पाडतं, म्हणून तिथलं व्हॅम्पायर कुटुंब वॉशिंग्टन राज्यातल्या फोर्क्ससारख्या सदा पावसाळी गावात राहतं. नियम आणि गाव एकमेकांना धरून आहेत. अडचण एवढीच, की जिवाची भीती गेल्यावर ती दुसरीकडून आणावी लागते, आणि ती तिथे ओढूनताणून आणलेली वाटते.

तुमचं गाव वाई आहे, त्याचा हिशेब कोणी केलेला दिसत नाही. लंडनला डिसेंबरात दिवस जेमतेम आठ तासांचा, जूनमध्ये साडेसोळा तासांहून मोठा. वाईत डिसेंबरचा दिवस अकरा तासांचा, जूनचा सव्वातेरा. म्हणजे तुमच्या व्हॅम्पायरला हिवाळ्यात मोकळं रान नाही आणि उन्हाळ्यात उपासमारही नाही. ‘महिनाभर रात्र’ असली अलास्काची चैन तर विसराच. शिवाय आपल्याकडे संधिप्रकाश आखूड. सूर्य बुडाल्यावर पंचवीसेक मिनिटांत दिवा लावावा लागतो, तेव्हा पहाटेची धावपळ लिहिताना युरोपी कादंबऱ्यांतली लांबलचक उजाडण्याची वर्णनं उचलू नका.

वाडा निवडलात हे मात्र झकास. माजघरात दुपारीसुद्धा अंधार असतो, धोका फक्त चौकात. पण चौकही वर्षभर सारखा नाही. डिसेंबरात मध्यान्हीचा सूर्य दक्षिणेला बराच कललेला असतो, दुमजली वाड्याच्या अरुंद चौकात ऊन फरशीपर्यंत पोचतच नाही. मेच्या दुसऱ्या आठवड्यात सूर्य वाईच्या थेट डोक्यावर येतो. त्या दिवसांत साडेबाराच्या सुमारास ऊन सरळ तुळशीवृंदावनावर उतरतं आणि चौकात कुठे सावलीच राहत नाही. हिवाळ्यात वाडा घेतलेल्या व्हॅम्पायरला हे ठाऊक नसेल तर तुमचा शेवट तिथेच तयार आहे.

आता नोंदणीचा प्रसंग. तुमच्या मसुद्यात तो टोकन घेऊन बाकावर बसतो आणि लेखक उन्हाबद्दल अवाक्षर काढत नाही. वाचक अडखळला तो इथे. मी दोन वाटा सुचवतो. पहिली, स्टोकरची. ड्रॅक्युलाने लंडनमधली मालमत्ता वकिलामार्फत घेतली, जोनाथन त्याच कामाला गेला होता. तुमचा काउंट कुलमुखत्यारपत्र करून गावातल्या एखाद्या वकिलाला पाठवू शकतो. पण मग तो वकीलच तुमचा जोनाथन होईल आणि कादंबरी ओळखीच्या रुळावर जाईल.

दुसरी वाट मला जास्त आवडते. त्याला स्वतःच येऊ द्या, दिवसा ताकद नसलेला म्हणून. नोव्हेंबरची सकाळ, पत्र्याच्या शेडखाली गर्दी, सर्व्हर बंद पडलेला. तो छत्री घेऊन आलाय आणि सावली सरकेल तसा बाकावर सरकतोय. शेजारचे शेतकरी त्याला आजारी समजून जागा देतात, कोणी पाण्याची बाटली पुढे करतं. जो रात्री भिंत चढून जातो त्याला इथे नंबर लागेपर्यंत मुकाट बसावं लागतं. मग ‘लिहून घेणार’ म्हणून त्याचं नाव पुकारतात, अंगठा ठेवायला सांगतात, यंत्र ठसा घेत नाही. कारकून वैतागून म्हणतो, ‘बोट पुसा, परत ठेवा.’ मग छोट्या कॅमेऱ्याकडे बघायला सांगतात. आरशात न दिसणाऱ्या माणसाचा फोटो पडद्यावर येतो की नाही, हे तुम्ही पुढच्या प्रकरणापर्यंत लांबवा. आधार कार्डावरच्या जन्मतारखेचं काय करायचं तेही तुमचं तुम्ही बघा.

फक्त एक करा. या प्रसंगाच्या आधी, दोन-तीन प्रकरणं मागे, त्याला कुठेतरी उन्हात एक बोट धरताना दाखवा. नुसतं बोट, आणि काय होतं ते एका ओळीत. तेवढी ओळ असली की पत्र्याच्या शेडखाली तो सावलीबरोबर सरकायला लागला, की टीकाकारही त्याच्याबरोबर सरकेल.